लेस्टरच्या बा आणि लास्नामाएच्या आजी

एस्टोनियाच्या राजधानीत, टॅलिनमध्ये, माझं ऑफिस उलेमिस्ते सिटीत आहे. काचेच्या इमारती, स्टार्टअप, कॉफीचे ठेले, बाजूला विमानतळ. या जागेवर सोव्हिएत काळात ‘द्विगातेल’ नावाचा कारखाना होता. लष्करी आणि अणुक्षेत्रासाठीचं गुप्त काम तिथे चालायचं, कारभार थेट मॉस्कोच्या हाताखाली. माझ्या शेजारच्या आजी तिथे कामाला होत्या. मी आता जिथे लॅपटॉप उघडून बसते तिथे कुठेतरी त्या उभ्या राहून पुर्जे तपासायच्या. कारखाना नव्वदीत कोसळला आणि आजींच्या हाताला पुढे मिळाली ती शाळेत फरशी पुसायची नोकरी.

टॅलिनला येण्याआधी मी इंग्लंडात लेस्टरला राहत होते. घरमालकीण गुजराती, सगळं घर त्यांना ‘बा’ म्हणायचं, म्हणून मीही. त्यामुळे ‘ब्रिटन स्थलांतरितांशी चांगलं वागतं की एस्टोनिया?’ असा प्रश्न निघाला, आणि तो ऑफिसात जेवताना हमखास निघतो, की माझ्या डोळ्यांसमोर या दोन बायका येतात. त्या एकमेकींना कधी भेटणार नाहीत. भेटल्या तर दोघींनाही दुसरीचा हेवा वाटेल, फक्त वेगवेगळ्या गोष्टींचा.

बा मूळच्या युगांडातल्या जिंजाच्या. १९७२ च्या ऑगस्टमध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना देश सोडायला ९० दिवसांची मुदत दिली, आणि त्यातली सत्तावीस-अठ्ठावीस हजार माणसं ब्रिटनला आली. बांचं कुटुंब स्टॅनस्टेड विमानतळावर उतरलं तेव्हा खिशात ५० पौंड होते. त्याहून जास्त आणू देत नव्हते. मग सफक परगण्यातल्या स्ट्रॅडिशॉलच्या छावणीत, हवाई दलाच्या जुन्या बराकींमध्ये मुक्काम. लेस्टरच्या नगरपालिकेने तर ‘युगांडा आर्गस’ या वृत्तपत्रात जाहिरातच दिली होती की, तुमच्या आणि कुटुंबाच्या हितासाठी लेस्टरला येऊ नका. बा ही गोष्ट दर दिवाळीला सांगायच्या आणि वर म्हणायच्या, ‘‘अमने तो ए जाहेरखबर वांचीने ज लेस्टरनी खबर पडी!’’

त्या होजियरीच्या गिरणीत लागल्या. त्यांच्या जाऊबाई इंपीरियल टाइपरायटर्समध्ये. १९७४ मध्ये तिथल्या आशियाई कामगारांनी बोनस आणि बढतीतल्या भेदभावावरून संप केला, तेव्हा युनियनने त्यांना पाठिंबा दिला नाही. पुढच्याच वर्षी मालक कंपनीने कारखान्याला टाळं लावलं. घर भाड्याने मिळायचं नाही, बँक कर्ज द्यायची नाही; मग चार कुटुंबांनी भिशीसारखे पैसे गोळा करून एकेक करत घरं घेतली. बांचं घर तसंच घेतलेलं. बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या गल्लीत, विटांचं, चिंचोळं, परसात तुळस आणि मोडकी सायकल.

पण याच बांना आल्या दिवसापासून मत होतं. ब्रिटनमध्ये राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक रीतसर राहत असेल तर त्याला खासदार निवडता येतो. मी स्वतः २०१५ मध्ये भारतीय पासपोर्ट पर्समध्ये ठेवून तिथल्या सार्वत्रिक निवडणुकीत मत देऊन आले. तेव्हा मला देशात येऊन वर्षही झालं नव्हतं. नाव नोंदवून घे, असं बांनीच बजावलं होतं. मला आधी वाटलं थट्टा करताहेत. मतं होती म्हणून लेस्टरमध्ये नगरसेवक झाले, नगरसेवक झाले म्हणून मंदिरांना, मशिदींना, दिवाळीच्या रोषणाईला परवानग्या मिळाल्या, आणि १९७६ च्या वंशभेदविरोधी कायद्यासाठी रेटा लावता आला. साम्राज्याने आपल्या रयतेला १९४८ च्या कायद्यात ‘तुम्ही आमचेच नागरिक’ असं लिहून दिलं होतं. १९६२ पासून ते शब्द एकेक कायदा करून मागे घेतले, पण आत आलेल्यांच्या हातातलं मत काढून घेतलं नाही.

आता आजी. त्या प्स्कोव परगण्यातल्या, सत्तरच्या दशकात, विशी ओलांडली न ओलांडली तेव्हा टॅलिनला आल्या. कुठलीही सीमा ओलांडली नव्हती. एकाच देशातल्या एका शहरातून दुसऱ्या शहरात बदली व्हावी तसं. द्विगातेलसारख्या कारखान्यांची स्वतःची बालवाडी, स्वतःचा दवाखाना आणि मुख्य म्हणजे स्वतःचे फ्लॅट असायचे. आजींना लास्नामाएत दोन खोल्यांचा फ्लॅट मिळाला, गरम पाणी आणि लिफ्टसकट. लास्नामाए म्हणजे सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून उभं राहिलेलं सिमेंटच्या पट्ट्यांचं उपनगर. चुनखडकाचं पठार खोदून मधून रस्ता काढलाय. त्यातून ट्राम जायची होती, ती कधी आलीच नाही. आज तिथे लाखाहून जास्त माणसं राहतात आणि बहुतेकांच्या घरात रशियन बोललं जातं. भाडं परवडतं म्हणून मीही तिथेच. कॉलेजात शिकलेलं मोडकंतोडकं रशियन इथे एवढं उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

हेच फ्लॅट एस्टोनियनांच्या डोळ्यांत खुपायचे. टॅलिनचं मूळ कुटुंब दोन पिढ्या लाकडी घरात, संडास जिन्यात, फ्लॅटच्या रांगेत नंबर लावून बसलेलं; आणि काल आलेल्या कामगाराला किल्ली मिळायची. लेस्टरला गोरे शेजारी आशियाई लोकांबद्दल असं बोलायचे तेव्हा ते बहुधा खोटं असायचं. इथे त्यात बरंच तथ्य होतं.

आणि फ्लॅटपुरतीच ती गोष्ट नव्हती. माझ्या टीममधल्या एका एस्टोनियन सहकाऱ्याच्या आजीला २५ मार्च १९४९ ला गुरांच्या डब्यात घालून सायबेरियाला नेलं. त्या काही दिवसांत वीस हजारांवर माणसं नेली, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी. १९३४ च्या जनगणनेत देशात ८८ टक्के एस्टोनियन होते. १९८९ मध्ये ६१.५ टक्के. इतक्या लहान देशात हे दोन आकडे शेजारी ठेवले की नव्वदीत लोकांना काय भीती वाटत होती ते कळतं. तो सहकारी मला म्हणाला, ‘‘तुझ्या बा साम्राज्याच्या मागून आल्या. माझ्या देशात साम्राज्य स्वतःच राहायला आलं होतं.’’ मला यावर उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. फक्त आजी काही साम्राज्य नव्हत्या. पुर्जे तपासणारी मुलगी होती.

१९९१ मध्ये देश स्वतंत्र झाला. फेब्रुवारी १९९२ मध्ये जुना, १९३८ चा नागरिकत्व कायदा पुन्हा लागू केला: १६ जून १९४० आधीचे, म्हणजे सोव्हिएत ताब्याआधीचे नागरिक आणि त्यांचे वंशज तेवढे नागरिक. बाकीच्यांनी भाषेची परीक्षा द्यावी आणि अर्ज करावा. देशातली जवळपास ३२ टक्के माणसं एका फटक्यात ‘अनिश्चित नागरिकत्वाची’ ठरली. त्यांना करड्या रंगाचा पासपोर्ट मिळाला. सप्टेंबर १९९२ च्या पहिल्या निवडणुकीत आजींना मत नव्हतं, आणि संसदेसाठी आजही नाही.

पण फ्लॅट राहिला. त्याचं खाजगीकरण झालं ते एस्टोनियात केलेल्या नोकरीच्या वर्षांवर मिळालेल्या रोख्यांतून; लोक त्यांना ‘पिवळी कार्डं’ म्हणत. नागरिक असा वा नसा, राबलेली वर्षं मोजली गेली. म्हणजे ज्या वर्षांत राज्याने आजींना मतदारयादीतून वगळलं, त्याच वर्षांत त्यांना घराचं मालक केलं. पेन्शनमध्येही द्विगातेलची वर्षं धरली आहेत. बांना घरासाठी हप्ते फेडायला पंचवीस वर्षं लागली, आणि तोवर त्या कितीतरी खासदारांना निवडून देऊन आणि पाडून मोकळ्या झाल्या होत्या.

अर्थात खाजगीकरणाची दुसरी बाजूही आहे. १९४० नंतर सरकारजमा झालेली जमीन आणि घरं मूळ मालकांच्या वारसांना परत मिळाली. वारस असणार ते एस्टोनियन. आजींच्या वाट्याला सिमेंटच्या दोन खोल्या, सहकाऱ्याच्या कुटुंबाला जंगलाचा तुकडा आणि समुद्राजवळचं शेत. तीस वर्षांत दोन्हींची किंमत वाढली, पण सारखी नाही.

लेस्टर हे ब्रिटनचं गोड उदाहरण आहे, हे मात्र सांगायलाच हवं. सुनकांसारखा पंतप्रधान पूर्व आफ्रिकेतून आलेल्या आईवडिलांच्या घरातून निघाला तेव्हा सगळ्या जगाला ते उदाहरण दिसलं. पण युगांडा-केनियाहून आलेले लोक दुकानदार, कारकून, हिशेबनीस होते. इंग्रजी येत होतं, धंदा रक्तात होता. इंग्लंडच्या २०१६ ते २०१८ च्या सरकारी आकडेवारीत भारतीय वंशाच्या ७४ टक्के कुटुंबांचं स्वतःचं घर होतं, गोऱ्या ब्रिटिशांत ६८ टक्के, पाकिस्तानी वंशाच्यांत ५८, बांगलादेशींत ४६, कॅरिबियन कृष्णवर्णीयांत ४० आणि आफ्रिकन कृष्णवर्णीयांत २०. सगळ्यांना मत आहे. घरं बघा.

आणि लेस्टरही आतून एकसारखं नाही. २०२० च्या टाळेबंदीत तिथल्या काही शिवणकारखान्यांत तासाला साडेतीन पौंडांवर काम चालतं अशा बातम्या आल्या, तेव्हा कायद्याने किमान ८.७२ पौंड द्यायला हवे होते. मशीनवर बसणाऱ्या बहुतेक आपल्यासारख्या दिसणाऱ्या बायका, आणि चालवणारेही बहुतेक आपल्यासारखेच दिसणारे. बांच्या घरात हा विषय निघाला की टीव्हीचा आवाज वाढायचा.

म्हणून माझं म्हणणं असं, की एस्टोनियात रशियाच्या सीमेवर असलेल्या नार्वा या गिरणीगावाशी तुलना करायची तर लेस्टर घेऊ नये. उत्तर इंग्लंडातलं ब्रॅडफर्ड घ्यावं. मी दोन्ही गावं पाहिली आहेत आणि नार्वाच्या स्टेशनवर उतरल्यावर मला पहिल्यांदा आठवलं ते ब्रॅडफर्डच.

ब्रॅडफर्डच्या लोकरीच्या गिरण्यांना पन्नास-साठच्या दशकांत रात्रपाळीला गोरे कामगार मिळेनात. माणसं आली काश्मीरच्या मीरपूर भागातून. तिथे मंगला धरणात लाखभर लोकांची गावंही गेली होती. मशीनं चोवीस तास चालावीत म्हणून ती आणली गेली, आणि पुढच्या पंचवीस वर्षांत मशीनंच गेली. मॅनिंगहॅममधली लिस्टरची प्रचंड गिरणी १९९२ मध्ये बंद झाली, आता तिच्यात फ्लॅट आहेत. पोरं टॅक्सीवर आणि टेकअवेमध्ये. २००१ च्या जुलैत दंगल झाली, मग सरकारी समितीचा अहवाल आला: हे लोक शेजारी राहून ‘समांतर आयुष्यं’ जगतात.

नार्वात क्रेनहोल्मची गिरणी, १८५७ ची. नदीतल्या बेटावर, धबधब्याच्या पाण्यावर चालणारी, एके काळी दहा हजारांवर कामगार. १९४४ मध्ये बॉम्बहल्ल्यांत गाव बेचिराख झालं, जुन्या रहिवाशांना परत येऊ दिलं नाही, आणि गिरणी, वीजकेंद्रं, शेजारच्या सिल्लामाएतला गुप्त युरेनियमचा कारखाना यांच्यासाठी रशियातून माणसं आणली. आज नार्वात पंचाण्णव टक्क्यांहून जास्त लोक रशियन बोलतात. १९८९ मध्ये ऐंशी हजारांवर वस्ती होती, २०२१ मध्ये त्रेपन्न हजारांच्या आसपास. क्रेनहोल्म २०१० मध्ये दिवाळखोरीत गेलं. लाल विटांची ती इमारत पाहताना मी अंदाजाने शोधत होते की लिस्टरच्या गिरणीसारखी चिमणी कुठे असेल. त्याच वर्षी, मंदीत, देशातली बेरोजगारी १७ टक्क्यांच्या जवळ होती आणि बिगर-एस्टोनियनांत त्याहून पुष्कळ जास्त.

भाषा येत नाही म्हणून नोकरी नाही, की नोकऱ्याच नाहीत म्हणून भाषा शिकून फायदा दिसत नाही? नार्वात एस्टोनियन बोलायचं तरी कुणाशी? बाजारात, बँकेत, दवाखान्यात सगळे रशियनच बोलतात. ब्रॅडफर्डमध्ये हा प्रश्न आजीपुरता होता; नातवाचं इंग्रजी यॉर्कशरच्या कुठल्याही पोरासारखं. ब्रिटनमधल्या वंशभेदाला भाषेची सबब नाही, तो कातडीवर आणि नावावर चालतो. एस्टोनियात कातडी सारखीच, सगळं ओझं भाषेवर. हे एका अर्थी बरं म्हणायचं, कारण भाषा शिकता येते. माझ्यासारखीला, चौदा विभक्ती पाठ करता करता, त्याबद्दल शंका आहे.

करड्या पासपोर्टचं मला सुरुवातीला भयंकर वाटायचं. मग रोजचा व्यवहार पाहिला. आजींकडे सगळ्यांसारखंच ओळखपत्र आहे. त्यावर औषधांची चिठ्ठी ऑनलाइन मिळते, आयकर दहा मिनिटांत भरता येतो. राज्याला त्या कोण आहेत हे पक्कं ठाऊक आहे. ब्रिटनमध्ये उलटं. ओळखपत्र नाही, नोंद नाही, विश्वासावर चाललेलं. आणि २०१२ पासून गृहखात्याने ‘कागद दाखवा’ सुरू केलं तेव्हा पन्नास वर्षं राहिलेल्या कॅरिबियन म्हाताऱ्यांकडे दाखवायला कागद नव्हते. त्यांची बोटीवरून उतरतानाची कार्डं खात्यानेच २०१० मध्ये नष्ट केली होती. नोकऱ्या गेल्या, कर्करोगाचे उपचार अडले, किमान ८३ जणांना चुकीने देशाबाहेर घालवलं. २०१८ मध्ये गृहमंत्र्यांना जावं लागलं. राहण्याचा पूर्ण हक्क असून हाकलले गेलेले लोक, आणि नागरिक नसून सुरळीत पेन्शन घेणाऱ्या आजी. यातलं कुठलं बरं, हे मला कुणी विचारू नये.

शिवाय आजींनी परीक्षा द्यायची टाळाटाळ केली त्यात निव्वळ स्वाभिमान नाही. २००८ पासून करड्या पासपोर्टवर रशियात विना-व्हिसा जाता येतं. एस्टोनियन नागरिकाला व्हिसा लागतो. बहीण प्स्कोवला आहे. मुलाचा हिशेब वेगळा निघाला. करडा पासपोर्ट असला तर युरोपात फिरता येतं, पण फिनलंडमध्ये नागरिकासारखं जाऊन कामाला लागता येत नाही. हेलसिंकीला बोटीने दोन तास, बांधकामावर पगार इथल्यापेक्षा कितीतरी जास्त. तो परीक्षेला बसला, पास झाला, आता सोमवारी जातो आणि शुक्रवारी येतो. देशप्रेमाचं माहीत नाही, पण परीक्षेचे कष्ट वसूल झाले. असे करडे पासपोर्टवाले आता साठ हजारांच्या आसपास उरलेत. २०१६ पासून त्यांच्या इथे जन्मलेल्या बाळांना आपोआप नागरिकत्व मिळतं.

१९९३ पासून आजींना निदान महापालिकेसाठी मत होतं. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर हवा बदलली. मार्च २०२५ मध्ये घटनादुरुस्ती झाली: रशिया आणि बेलारूसच्या नागरिकांचा स्थानिक मतदानाचा हक्क लगेच गेला, करड्या पासपोर्टवाल्यांना ऑक्टोबर २०२५ ची निवडणूक शेवटची. आजींनी शेवटचं मत दिलं त्याच दिवशी मोठ्या नातीने पहिलं दिलं. इथे स्थानिक निवडणुकीत सोळाव्या वर्षी मत मिळतं. आजी नेहमीप्रमाणे रशियन भाषिकांच्या आवडत्या ‘केंद्र पक्ष’ नावाच्या पक्षाला, नात भलतीकडे. आठवडाभर दोघींचं भांडण भिंतीपलीकडून मला ऐकू येत होतं. सुरक्षेचं कारण मला कळतं. पण पन्नास वर्षं याच शहरात राहिलेल्या बाईने कचऱ्याची गाडी आणि बसच्या वेळा यांवर मत दिल्याने पुतिनचं काय भलं होणार होतं, ते कळत नाही.

धाकटा नातू २०२४ मध्ये चौथीत गेला आणि त्याची शाळा एस्टोनियन माध्यमात आली. पहिली आणि चौथीपासून सुरुवात, २०३० पर्यंत सगळ्या शाळा. मला हा निर्णय योग्य वाटतो, आणि वीस वर्षं उशिरा घेतलेला वाटतो. ‘पिसा’ या शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत एस्टोनिया युरोपात अव्वल असतो, तरी त्याच देशातल्या रशियन शाळांतली मुलं जवळपास एक शालेय वर्ष मागे. इंग्लंडात भारतीय आणि बांगलादेशी वंशाची मुलं दहावीच्या परीक्षेत गोऱ्या मुलांच्या पुढे गेली, कारण पहिल्या दिवसापासून सगळी एकाच वर्गात, एकाच भाषेत होती. गडबड अशी, की ती पुढे गेली तरी पगारात तेवढी दिसत नाहीत. म्हणजे नातवाने भाषा शिकली तरी गोष्ट तिथे संपत नाही.

२०२५ मध्ये नार्वात चुंबकांचा कारखाना सुरू झाला, विजेच्या गाड्यांसाठी लागणारी. कोळशासारख्या तेलखडकावर जगणाऱ्या या भागाला युरोपचा निधी मिळतो, त्यातले पैसे आहेत. नोकऱ्यांच्या जाहिराती आजींच्या मुलाने मला दाखवल्या. फिनलंडच्या बोटीला तो कंटाळलाय. इंपीरियल टाइपरायटर्समधला संप पगारापेक्षा बढतीवरून जास्त पेटला होता, असं बांच्या जाऊबाई सांगत. मशीनवर सगळे आशियाई, फोरमन गोरा. नार्वातल्या या कारखान्यात मशीनवर कोण उभं राहणार ते उघड आहे. फोरमन कोण होणार, हे मी त्याला विचारत राहणार आहे.